आधी तुम्ही

पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यात ‘पथकप्रमुखाचे नाव’ असा एक रकाना आहे. रकाना एकच आहे आणि आमचं पथक दोघांचं. मी त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापायी माझ्या एकुलत्या एका मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार नाही, अशी वेळ आली. ज्या माणसानं पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले, त्याच्यावर एका अर्जानं असा सूड उगवावा, हे मला अजूनही पटलेलं नाही.

पथक म्हणजे डीजेचं पथक. मी अभिमन्यू, वय सत्तावन्न, राहणार जुळे सोलापूर. माझे व्याही सयाजीराव, वय चौसष्ट, राहणार कुर्डुवाडी, रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त. आम्ही दोघं मिळून ‘डीजे पाव्हणं’. हसू नका. तालुक्याच्या गावी आमचे फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवर सयाजीरावांनी काळा चष्मा घातलाय आणि मी वाचायचा.

या क्षेत्रात यायचं आम्ही ठरवलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या, उत्कर्षाच्या लग्नात अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि दोन्हीकडच्या पोरांत गाण्यावरून अशी जुंपली, की डीजेवाला “तुमचं तुम्हीच वाजवा” म्हणून लॅपटॉप तसाच टाकून निघून गेला. मांडवात शुकशुकाट झाला. मी एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे ही गोष्ट कुणाला तरी नेमकी तेव्हा आठवली आणि मला लॅपटॉपपुढे ढकलण्यात आलं. सयाजीरावांना नुसतं इंजिन ऐकून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगता येतं, म्हणून आवाज कमीजास्त करायला त्यांना उभं केलं. आमचे जावई ऋतुराज खालून ओरडून सांगत होते, “गाणं चढत जाईल, ठोका जलद होईल, मग एकदम सगळं गप्प होईल. तिथं हिरवं बटण दाबायचं. म्हणजे दणका पडतो!”

गाणं चढलं. ठोका जलद झाला. सगळं गप्प झालं. आणि हिरव्या बटणाकडे आमचे दोघांचे हात एकदमच गेले.

आता मी मुलीचा बाप. मुलाच्या बापाच्या आधी मी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही, तिथं बटण कसं दाबणार? मी हात मागे घेतला. सयाजीराव रीतीभातीचे, त्यांनीही घेतला. “आधी तुमी, पाव्हणं.” “छे छे, आधी तुम्ही.” “आवो तुमी दाबा की.” “असं कसं, तुमचा मान.” माईक चालू होता. हा संवाद आठशे माणसांनी ऐकला. अकरा सेकंद झाली, मग सयाजीरावांनी डोळे मिटून बटण दाबलं. दणका पडला आणि मांडवात जे काही झालं त्यात दोन खुर्च्या आणि माझ्या साडूंचा चष्मा मोडला.

ऋतुराजच्या मित्रांनी त्याचा व्हिडिओ केला आणि तो सगळ्या जिल्ह्यात फिरला. दणक्याआधी लोकांना जितकं ताटकळत ठेवाल तितका तो जोरात बसतो, हे या संगीतातलं मर्म आहे म्हणे. मोठमोठे डीजे तीन-चार सेकंद थांबतात. अकरा सेकंद थांबायची छाती कुणाची झाली नव्हती. आमचीही नव्हतीच, आम्ही फक्त रीत पाळत होतो.

या गडबडीत एक गोष्ट राहून गेली. लग्नात दोन्हीकडचे बाप एकमेकांना हार घालून कडकडून भेटतात, ती व्याहीभेट झालीच नाही. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गुरुबसप्पा, मूळचे अक्कलकोटचे, पोस्टातून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सल्ला देण्याच्या कामावर रुजू झालेले, त्यांनी दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं, “व्याहीभेट राहिली की हो. चांगलं नव्हे बघा ते. गाठ न मारता दोरा ओढलाय तुम्ही.” मी हसण्यावारी नेलं.

त्यानंतर वर्षभरात आम्ही तेवीस कार्यक्रम केले. हळदी केल्या, जावळं केली, एका ग्रामसेवकाची सेवानिवृत्तीची मिरवणूक केली. लोक गाणी ऐकायला येत नसत, थांबायला येत असत. ठोका वाढला की सगळे श्वास रोखायचे आणि आवाज तुटला की एका सुरात ओरडायचे, “आधी तुमी! आधी तुमी!” आमचा सगळ्यात लांब मुक्काम सत्तावीस सेकंदांचा, बार्शीला. त्यात ढोंग नव्हतं. मला खरोखरच दर वेळी हात पुढे करवत नसे.

सरकारी नोकराला जोडधंदा करता येत नाही, म्हणून मी कार्यालयात रीतसर परवानगी मागितली. ‘डीजे म्हणजे नेमके काय, याचा खुलासा करावा’ असं उत्तर आलं. मी खुलासा केला. मग ‘सदर यंत्रसामग्री शासकीय आहे किंवा कसे’ अशी विचारणा आली. अखेर मी मोबदला घेणार नाही या अटीवर तोंडी संमती मिळाली. त्यामुळे आम्हाला प्रत्येक ठिकाणी फक्त टॉवेल, टोपी आणि नारळ मिळतो. आता सोलापुरात राहणाऱ्या माणसाला टॉवेल देणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या कपाटात सध्या दुसरं काही मावत नाही.

पण टॉवेलवरूनच मनात काहीतरी बसलं, हे मला कबूल करावं लागेल. पहिला टॉवेल नेहमी सयाजीरावांना. फ्लेक्सवर मधोमध तेच. माईकवर पुकारा व्हायचा, “सयाजीराव आणि त्यांचे पाव्हणे!” म्हणजे मला नावसुद्धा नाही. लॅपटॉप मी उचलायचा, गाणी मी लावून ठेवायची, उन्हात तो तापून बंद पडू नये म्हणून माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं मी त्याच्याखाली घालायचं, आणि मी कोण, तर ‘पाव्हणे’. मला मानाचं काही नाही, असं मी बायकोला, राजेश्वरीला, इतक्या वेळा सांगितलं की शेवटी ती म्हणाली, “असू दे हो. पहिला टॉवेल तुम्हाला मी देते.”

अशा मनःस्थितीत मी मोहोळच्या कार्यक्रमाचा अर्ज भरायला बसलो. ‘पथकप्रमुखाचे नाव’. पेन हातात होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. सयाजीरावांचं आधार कार्ड कुर्डुवाडीत होतं आणि माझं खिशात, म्हणून मी माझं नाव लिहिलं. निदान पुढे मी सगळ्यांना हेच कारण सांगितलं.

परवानगीचा कागद कार्यक्रमाच्या जागी दिसेल असा लावावा लागतो. मोहोळला तो स्पीकरच्या खोक्यावर चिकटवला होता. सयाजीराव चष्मा चढवून त्याच्यापुढे उभे राहिले. वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं काढलेला माणूस, कागद वाचतानासुद्धा त्यावरून बोट फिरवतो. बोट त्या रकान्यापाशी थांबलं. त्या दिवशी आवाज तुटल्याबरोबर त्यांनी एका सेकंदाच्या आत हिरवं बटण दाबून टाकलं. पब्लिक हळहळलं.

दोन दिवसांनी उत्कर्षाचा फोन आला. तिला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. राजेश्वरीनं डिंक, अळीव आणून ठेवले होते, मागच्या खोलीतली बाज नव्यानं विणून घेतली होती. सातव्यातच पोरीला आणायचं ठरलं होतं.

“पप्पा, मामा म्हणतायत बाळंतपण इथंच करायचं,” उत्कर्षा म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. “म्हणाले, कुर्डुवाडीत बी दवाखाने हायेत. तुमच्यात काही झालंय का?”

“काही नाही गं. एक अर्ज होता.”

“कसला अर्ज?”

राजेश्वरी शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “सोमवारी आठवा लागतो. आठव्यात पोरीला हलवत नाहीत. रविवारपर्यंत काय तो निकाल लावा.” एवढंच बोलून ती आत गेली आणि डिंकाचा डबा फडताळात वरच्या कप्प्यावर ठेवल्याचा आवाज आला. तिथं तिचा हात पोचत नाही, म्हणजे ती स्टुलावर चढली असणार.

मी सयाजीरावांना फोन केला. उचलला नाही. पाच वेळा केला. सहाव्यांदा ऋतुराजनं उचलला आणि “बाबा झोपलेत” म्हणाला, सकाळी साडेदहाला. मी पोलीस ठाण्यात जाऊन पथकप्रमुखाचं नाव बदलता येईल का, अशी चौकशी केली. तिथले हवालदार म्हणाले, कार्यक्रम झालेला असल्यामुळे आता दुरुस्ती होत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाचा अर्ज तर मी आधीच भरून दिलाय, त्यावर मंजुरीचा शिक्काही बसलाय. कुणाच्या नावे? त्यांनी कागद फिरवून मला दाखवला. माझं अक्षर फार सुंदर आहे. ते मला त्या दिवशी पाहवेना.

गुरुबसप्पांनी जिन्यात अडवलंच. “मी काय म्हणलो होतो? दोरा निसटला की नाही?”

“अहो, पण आता करू काय?”

“काय करणार? जिथं गाठ राहिली तिथंच मारायची असते बघा,” असं म्हणून ते दूध आणायला खाली गेले. हा माणूस कधीही पूर्ण सल्ला देत नाही.

पुढचा कार्यक्रम रविवारचाच होता. टेंभुर्णीच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एक गाव आहे, तिथले केळीवाले बागायतदार गुंडाअण्णा यांच्या मुलीचं लग्न. दुपारच्या अक्षता, जेवणं, मग आम्ही. सयाजीराव येतील की नाही याची मला खात्री नव्हती. पण आले. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. मी नमस्कार केला तर माझ्या मागे उभ्या असलेल्या पिकअपला उद्देशून म्हणाले, “सुपारी घेतली म्हंजी घेतली. शब्द मोडायची आपल्याकडं रीत न्हाय.”

दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. पलीकडे पाणी चमकत होतं, मोटारींचे पाइप पाण्यात उतरले होते आणि ऊन असं होतं की फडकं दर पाच मिनिटांनी वाळत होतं. खाली दीड-दोन हजार माणसं. पुढच्या रांगेत लोकांनी मोबाइलवर घड्याळं लावून धरली होती. गुंडाअण्णा कानाशी येऊन म्हणाले, “पाव्हणं, बार्शीला सत्तावीस झाली म्हनं. आमच्या गावाची लाज राखा.”

मी गाणं लावलं. सयाजीराव माझ्या डाव्या हाताला, आमच्यात वीतभर अंतर, पण बोलणं नाही. ठोका वाढत गेला. पोरं उड्या मारायला लागली. ट्रॉलीच्या फळ्या पायाखाली थरथरत होत्या. मग आवाज तुटला.

“आधी तुमी! आधी तुमी!” सगळं गाव ओरडलं.

माझा हात पुढे गेला नाही. मी सयाजीरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. माईक हातानं झाकून ते हळूच म्हणाले, “कागदावर ज्येचं नाव हाय, त्येनं दाबावं.”

दहा सेकंद. वीस. मी दाबलं, तर प्रमुख मीच असं भर सभेत जाहीर होणार, आणि उद्या सोमवार. नाही दाबलं, तर गुंडाअण्णांच्या मुलीच्या लग्नाचा विचका. पुढची रांग मोजत होती. “सव्वीस! सत्तावीस! अठ्ठावीस!” विक्रम मोडला आणि जल्लोष झाला. जल्लोष ओसरला. चाळीस झाली. साठ झाली. मग मोजणं बंद पडलं. इतकी माणसं एकदम गप्प झाली की पाण्यातल्या एका मोटारीची घरघर स्टेजवर ऐकू यायला लागली. कुणीतरी म्हातारी म्हणाली, “लाइट गेली का काय?” मागून एक शिट्टी आली आणि मग चप्पल. चप्पल स्पीकरला लागली. गुंडाअण्णांनी हात जोडले. ते हात आमच्यापुढे जोडलेत की आमच्यावर धावून येणारी पोरं थांबवायला, ते कळेना.

माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हणालो, “पाव्हणं, आधार कार्डाचं खोटं होतं.”

ते पाण्याकडे बघत राहिले.

“मला वाटलं म्हणून लिहिलं. एकदा तरी आपलं नाव आधी असावं असं वाटलं. लहान माणूस आहे मी. माझ्यावरचा राग माझ्यावर काढा, पण पोरीला पाठवा. राजेश्वरीनं डिंकाचा डबा वर ठेवून दिलाय.”

सयाजीरावांनी काळा चष्मा काढला. त्यांचे डोळे मी बरेच दिवसांनी पाहिले, कारण हल्ली ते घरातही चष्मा घालत. “नावाचं काय घिऊन बसलाय, पाव्हणं? घाला की नाव. दोन बार घाला.” ते चष्मा शर्टाला पुसायला लागले. “आमची मंडळी गेली त्याला सा वर्सं झाली. ऋतुराज डूटीवर. घरात मानसाचा आवाज काय तो तुमच्या पोरीचा. तीन म्हयनं ती तिकडं ऱ्हानार. म्या काय करायचं त्या घरात? रागाला काय तरी निमित्त पायजे होतं. तुमी दिलं.”

ते एवढं बोलले आणि मला माझ्या त्या रकान्याची, टॉवेलांची, वर्षभर कुरवाळलेल्या अपमानाची भयंकर लाज वाटली. मी माणूस ओळखण्यात चुकलो होतो. इंजिन ऐकणाऱ्या माणसाच्या घरातली शांतता मला एकदाही ऐकू आली नव्हती.

“मग तुम्हीपण या,” मी म्हणालो. “पोरीबरोबर या आणि तीन महिने राहा.”

“व्याह्याच्या घरी? लोक काय म्हनतील?”

“लोक आत्ताच चपला मारतायत.”

ते हसले. मग मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी पुढे होऊन त्यांना मिठी मारली. त्यांनीही मारली, आणि वर्कशॉपमधल्या माणसानं मारल्यासारखी मारली, माझे पाय फळीवरून सुटले. वर्षभर राहून गेलेली व्याहीभेट दोन हजार माणसांपुढे, बिनहाराची, ट्रॉलीवर झाली. त्या झटापटीत एक कोपर हिरव्या बटणावर पडलं.

दणका पडला. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी पडला. काठावरचे बगळे उडाले, आचारी भांडी सोडून आले, चप्पल मारणारा माणूस एका पायातल्या चपलेवर नाचत होता. कोपर कुणाचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी म्हणतो त्यांचं, ते म्हणतात माझं.

त्याच संध्याकाळी आम्ही कुर्डुवाडीहून उत्कर्षाला घेऊन निघालो. ती पिशवी भरून दारातच बसली होती. पिशव्या दोन होत्या. दुसरी सयाजीरावांची होती, ती तिनं रविवारी सकाळीच भरून ठेवली होती. कशी काय, विचारलं तर म्हणाली, “मामा रोज रात्री माझ्या खोलीतला पंखा चालू आहे का ते दाराला कान लावून ऐकतात, पप्पा. मला कळत नाही का?”

सयाजीराव आमच्याकडे राहिले. त्यांनी मिक्सर दुरुस्त केला, दाराची कुरकुर काढली आणि गुरुबसप्पांचं रोज सकाळी अर्धा तास ऐकून घेतलं, हे शेवटचं काम आमच्या इमारतीत आजवर कुणाला जमलेलं नव्हतं. राजेश्वरीनं डिंकाचा डबा खाली काढला.

आणि एका सकाळी दवाखान्यात सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आल्या. “मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कोण घेतंय?”

आमचे दोघांचे हात पुढे गेले. दोघांचे मागे आले.

“आधी तुमी, पाव्हणं.”

“छे छे, आधी तुम्ही.”

“आवो घ्या की.”

सिस्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी सवयीनं मनात मोजत होतो. नऊ, दहा, अकरा. आणि बाळानं भोकाड पसरलं. त्या एवढ्याशा जिवानं असा आवाज काढला की पलीकडच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. सयाजीराव मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते.

“आवाज बराबर हाय,” ते म्हणाले. “काय बी ढिलं न्हाय.” आणि बाकावर बसून रडायला लागले. मीही बसलो. दोन मोठी माणसं तशी रडताना बरी दिसत नाहीत, म्हणून मी पिशवीतला टॉवेल काढून आधी त्यांना दिला.

राजेश्वरी आमच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि कुणालाही न विचारता तिनं नात उचलून घेतली. सिस्टरांनी एक कागद पुढे केला. त्यावर ‘बाळ ताब्यात घेणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना होता. रकाना एकच होता.

“कुणाचं नाव लिहू?”

“राजेश्वरी,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.